मागच्या टेकूची पट्टी

संपादकांचं पत्र आलं, की यंदाच्या दिवाळीच्या अंकासाठी तुमच्या नोकरीतल्या चार गमती लिहून पाठवा. ज्या माणसाने पस्तीस वर्षं पूल, धक्के आणि गोदामं उभी केली त्याच्याजवळ गमतींचं पोतं असणार, असा त्यांचा समज असावा. पोतं आहे, पण त्यात बहुतेक आकडेच आहेत. शिवाय मी स्वतः काहीच उभं केलं नाही. उभं करायचे ते गवंडी आणि सुतार. मी फक्त आधी सांगायचो, की कोणत्या टेकूवर किती ओझं येणार. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलंच, आपण काय करता, आणि मी हे सांगायला लागलो, की शेजारचा गृहस्थ घाईघाईने वाढप्याला हाक मारी.

पण विषय दिसतो तितका रुक्ष नाही. दोन माणसं खांद्यावर वासा घेऊन निघाली आहेत आणि वाशाला कापसाचं गाठोडं टांगलं आहे असं समजा. गाठोडं बरोबर मधे असलं तर दोघांना सारखा भार. ते पुढच्याकडे सरकलं की पुढचा कण्हतो आणि मागचा गाणं म्हणायला लागतो. तुळईखालचे दोन टेकू म्हणजे हीच दोन माणसं, फक्त ती कण्हत नाहीत. त्यांचं कण्हणं आधी कागदावर ऐकायचं, हा आमचा धंदा.

त्याला नियम दोनच. पहिला असा, की जेवढं ओझं खाली दाबतं तेवढंच सगळ्या टेकूंनी मिळून वर उचलून धरलं पाहिजे. दुसरा असा, की तुळईवर कुठेही बोट ठेवा, त्या बोटाभोवती तुळईला एका अंगाने फिरवू पाहणारा जोर आणि दुसऱ्या अंगाने फिरवू पाहणारा जोर सारखे भरले पाहिजेत. जोर म्हणजे ओझं गुणिले बोटापासूनचं अंतर. यातली खुबी बोट कुठे ठेवायचं यात आहे. ज्या टेकूचा भार माहीत नाही त्याच्यावरच बोट ठेवलं, की त्याचं अंतर शून्य होतं आणि तो हिशेबातून आपोआप बाहेर पडतो. मग दुसरा टेकू एका ओळीत सापडतो आणि पहिला वजाबाकीने. पुण्याला हे शिकलो तेव्हा मला इतका आनंद झाला होता, की आठ दिवस मी दिसेल त्या खुंटीवर आणि फळीवर बोट ठेवत फिरत होतो.

ही विद्या घेऊन मी वऱ्हाडात उतरलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपून तिथला कापूस अडला होता आणि इकडे वऱ्हाडच्या कापसावर सगळं जग तुटून पडलं होतं. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग लागली की शेवटची गाडी कुठल्या गावच्या शिवारात उभी आहे हे कुणालाच माहीत नसे. कुणी बैलांना चांदीचे तोडे घातले, कुणी घरात विलायती झुंबर टांगलं आणि त्याखाली कडबा रचला. रेल्वे नुकतीच अकोल्यापर्यंत आली होती. रेल्वेलगतची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराने मला ओवरसियर म्हणून ठेवलं. लोक ओवरशेर म्हणत.

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठाला मी एक खोली घेतली. हाताने भात शिजवायचा आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचं. बायको कोकणात, माझ्या आईजवळ. तिला पाठवण्याबद्दल मी दर महिन्याला लिहीत होतो. भोवतालची माणसं काहीही विचारताना ‘का’च्या जागी ‘कावून’ म्हणायची आणि ते मला अंगावर आल्यासारखं वाटायचं. पुढे कळलं की तिकडे प्रेमाने विचारतानाही असंच विचारतात. पण तेव्हा मी त्यांना उर्मट समजलो आणि ते मला गर्विष्ठ समजले. त्यांचं जास्त खरं होतं. कधी कधी दिवस मावळताना लक्षात यायचं, की आज आपण कामाव्यतिरिक्त एक शब्दही कुणाशी बोललो नाही. एकटं वाटे, फार वाटे. मग मी कंदील मालवायच्या आधी उगाच एखादी तुळई कागदावर काढून सोडवत बसे. ती तरी मला उत्तर देई.

गमती मागितल्या आहेत म्हणून एक सांगतो. अमरावतीच्या एका शेठजींना गोदामात माळा घालायचा होता. माळ्याच्या एका टोकाला सरकीची पोती रचायची होती. मी त्या बाजूचा खांब जाड सांगितला आणि दुसऱ्या बाजूचा बारीक. शेठजी भडकले. दोन्ही खांब एका माळ्याचे, मग एकाला तूप आणि दुसऱ्याला ताक कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, दाखवतो. त्यांच्याच पेढीवरचे कापूस तोलायचे दोन काटे मागवले, प्रत्येक काट्याच्या एका पारड्यात ठोकळा ठेवला आणि ठोकळ्यांवर लांब फळी टाकली. शेठजी स्वतः फळीवर बसले. ते मधे असताना दोन्ही काटे सारखे. ते हळूहळू एका टोकाला सरकत गेले तसं त्या बाजूला वजन चढत गेलं आणि दुसरीकडे उतरत गेलं, पण बेरीज प्रत्येक वेळी शेठजींच्या वजनाइतकीच. बाजारातली शंभर माणसं जमली. शेठजी तीनदा सरकले, चौथ्यांदा मुनिमाला बसवलं, आणि मग खांब माझ्या म्हणण्याप्रमाणे घातले. सबंध दुपार त्यात गेली, पण मला त्या दुपारचा अभिमान वाटत असे. हे मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पटवून देण्याइतका वेळ माझ्याजवळ असायचा, हे नंतर मला नाकारता आलं नाही.

आता कोंडू मिस्त्रीची गोष्ट. ती गमतीत बसत नाही, पण नोकरीतलं लिहायचं म्हटल्यावर ती टाळून दुसरं काही लिहिणं मला जमणार नाही.

कोंडू अंजनगाव सुर्जीचा सुतार, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. कंत्राटदाराच्या अकोल्याच्या कामावर तो मुख्य मिस्त्री होता. आपल्याकडचा सुतार मेजावर काम करत नाही. तो जमिनीवर बसतो, लाकूड पायाच्या अंगठ्यांत धरतो आणि दोन्ही हात लाकूड तासायचा वाकस चालवायला मोकळे ठेवतो. कोंडूचे पाय मी पाहत राही. सागाची कसलीही आडदांड फळी असो, त्याच्या पायांत ती गरीब होऊन पडे. दुपारी तो आपली ज्वारीची भाकरी सोडताना मला रोज बोलवी. या जी साहेब, दोन घास खा. मी सोवळ्याचं कारण सांगे. तो त्यावर कधी रागावला नाही आणि बोलवायचं त्याने बंदही केलं नाही.

आम्हाला रेल्वेच्या रुळाशेजारी कापसाच्या गाठी उतरवायला लाकडी धक्का बांधायचा होता. रस्त्याच्या बाजूने बैलगाड्या येणार, रुळाच्या बाजूने माल वाघिणीत, म्हणजे रेल्वेच्या मालडब्यात, चढणार. रुळालगत पाण्याचा नाला असल्यामुळे पुढचे खांब नाल्याच्या अलीकडे घ्यावे लागले आणि तुळया त्यांच्या पुढे सहा फूट अधांतरी काढाव्या लागल्या. मागचा टेकू, त्याच्यापुढे बारा फुटांवर पुढचा टेकू, आणि त्यापुढे हे सहा फूट लोंबतं. अशा पाच तुळया.

इथे हिशेब जरा वेगळा होतो. एका तुळईचं फळ्यांसकट वजन दहा मण. ते तुळईच्या मध्यावर, म्हणजे पुढच्या टेकूच्या तीन फूट मागे. लोंबत्या भागावर पंधरा मणांच्या गाठी ठेवल्या आणि त्यांचा मध्य टेकूच्या चार फूट पुढे धरला. आता पुढच्या टेकूवर बोट ठेवा. मागे ओढणारा जोर दहा गुणिले तीन, तीस. पुढे कलंडवणारा जोर पंधरा गुणिले चार, साठ. तीस कमी पडले. ते भरून काढायला बारा फुटांवरच्या मागच्या टोकाला अडीच मणांनी खाली धरून ठेवलं पाहिजे. म्हणजे मागच्या टेकूने तुळईला उचलून धरायचं नाही, उडू द्यायचं नाही. आणि पुढच्या खांबावर सगळा माल, सगळी तुळई आणि वर हे अडीच मण, मिळून साडेसत्तावीस. एकूण ओझं पंचवीस, आणि एकटा खांब साडेसत्तावीस उचलतो. हे उत्तर आलं तेव्हा मी खोलीत एकटाच हसलो. कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि सांगायला कुणी नव्हतं.

म्हणून मी मागच्या टोकांना लोखंडी पट्ट्या काढल्या. तुळईवरून घेऊन खाली, दगडांत गाडलेल्या खांबाला दोन्ही बाजूंनी ठोकायच्या. कोंडूने नकाशा पाहिला, हातातली पट्टी उलटीसुलटी केली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं.

"हे पट्टी कावून जी, साहेब? माल तं खाली दाबून राहिला, अन् तुमी तुळईले वरून बांधून राहिले. थे उडून जाते का?"

हमाल हसले. त्या दिवशी सकाळीच घरून पत्र आलं होतं, की वऱ्हाडची हवा वाईट, सूनबाईला पाठवणार नाही. हे खरं आहे, पण ती सबब झाली. खरं कारण हे की हसणं मला झोंबलं.

"कागदावर आहे तसं कर," मी म्हटलं. "का ते तुला कळायचं नाही."

त्याने मान हलवली आणि पाचही पट्ट्या ठोकल्या, नकाशाप्रमाणे, एक खिळाही कमी नाही.

धक्का सुरू झाला आणि पट्ट्या अगदीच निकामी दिसू लागल्या. गाड्या रस्त्याच्या बाजूने यायच्या, त्यामुळे माल आधी मागेच रचला जाई. मागे माल असला की मागचं टोक दबलेलं आणि पट्टी सैल. हलवली की खुळखुळायची. येणाजाणारे तिला पायाने वाजवून पाहत. त्याच सुमारास जवळच्या, कापूस दाबून गाठी बांधायच्या प्रेसच्या लाकडी खांबाला चीर गेली. प्रेस बंद म्हणजे गाठी बंद, आणि कापूस तर रोज येऊन पडतच होता. लोखंड मुंबईहून यायला महिना लागे. चीर आवळायला पट्ट्या हव्या होत्या. कोंडू चांगला मिस्त्री होता. चांगल्या मिस्त्रीला रिकामं बसलेलं लोखंड बघवत नाही. त्याने धक्क्याच्या पाचही पट्ट्या काढल्या आणि प्रेसच्या खांबाला आवळल्या. मी तेव्हा बडनेऱ्याच्या बाजूला मोजणीवर होतो. असतो तरी त्याने मला विचारलं असतं असं वाटत नाही. एकदा विचारून झालं होतं.

महिनाभर काही झालं नाही. मग वाघिणींची टंचाई आली. आलेली वाघीण थोडाच वेळ उभी राहायची, म्हणून हमालांनी एक रीत पाडली. आगगाडी यायच्या आधीच सगळा माल मागून उचलून रुळाच्या तोंडाशी नेऊन रचायचा. एके दिवशी मागे एक गाठ उरली नाही आणि पुढच्या सहा फुटांवर सगळी थप्पी लागली. कोंडू मागच्या टोकाला बसून एक निखळलेली फळी ठोकत होता. त्याच्याखालून धक्का उठला. पुढची बाजू नाल्यात गेली, गाठी रुळांवर गेल्या, आणि तोही घसरत त्यांच्यामागून गेला. थप्पीतली शेवटची गाठ उलटून त्याच्या उजव्या पायावर आली. मी दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा डॉक्टरने पाय गुडघ्याखाली काढला होता.

सुताराचा पाय गेला म्हणजे काय गेलं, हे मी वर सांगितलंच आहे.

कंत्राटदाराच्या साहेबाने चौकशी केली. कोंडूला खाटेवरच विचारलं, पट्ट्या कुणी काढल्या. तो म्हणाला, म्या काहाडल्या. दुसरं काही बोलला नाही. मग मला बोलावलं. नकाशा बरोबर होता का? होता. नकाशात पट्ट्या होत्या का? होत्या. ठोकायला सांगितलं होतं का? सांगितलं होतं. साहेबाने विचारलं नाही, की कशासाठी आहेत ते सांगितलं होतं का. आणि तो न विचारलेला प्रश्न मी आपणहून त्याच्यापुढे ठेवला नाही. ठेवला असता तर माझी नोकरी गेली असती की नाही कोण जाणे, पण कोंडूला काही तरी मिळालं असतं. नकाशा मोडला म्हणून त्याला हात हलवत घरी धाडलं. साहेबाने माझा हिशेब वाचून शाबासकी दिली आणि अमरावतीच्या कामावर मोठ्या जागेवर नेमलं. कोंडूला गाडीत घालून अंजनगावला नेलं त्या दिवशी मी खोलीतच होतो. गाडी माझ्या खिडकीवरून गेली. मी खाली उतरलो नाही.

त्यानंतर अकोल्यातले हमाल मला रामराम घालत नसत. दुपारी जेवायला बोलावणारंही कुणी उरलं नाही.

लढाई संपली आणि कापसाचा भावही बसला. झुंबरं विकायला आली. मी अमरावतीला पुलांची आणि मोऱ्यांची कामं करत राहिलो आणि मला एक खोड लागली. प्रत्येक मिस्त्रीला, गवंड्याला, कधी कधी पाणी भरणाऱ्यालासुद्धा मी कारण सांगू लागलो. खांब इथे का, खिळा असा का, कुणी विचारलेलं नसताना. लोक कंटाळायचे. आला ओवरशेर पुराण सांगायले, असं म्हणायचे. बायको पुढे आली, दोन पावसाळे राहिली आणि तापाने गेली. ही खोड कशामुळे लागली ते मी तिलाही सांगितलं नव्हतं.

चारेक वर्षांनी अंजनगावच्या रस्त्याच्या मोजणीचं काम माझ्याकडे आलं. तीन दिवस मी गावाच्या बाहेरून साखळी ओढत राहिलो. चौथ्या दिवशी घर विचारत गेलो.

कोंडू अंगणात मांडवाखाली बसला होता, समोर वखराचं दांडं. त्याची बायको त्याच्यापुढे बसून दोन्ही पायांनी ते दांडं दाबून धरत होती आणि तो वाकस चालवत होता. तिचे पाय बाईमाणसाचे, सवय नसलेले, घोट्यापाशी वाकसाच्या जुन्या खुणा. मला ओळखून तो म्हणाला, या. बायकोने पाणी आणलं. मी प्यालो. तब्येत कशी, पीक कसं, असलं काही तरी मी विचारलं. मग तोच म्हणाला,

"म्या इचारलं होतं तुमाले."

"हो मिस्त्री," मी म्हटलं. "तुम्ही विचारलं होतं."

"मंग आता तरी सांगा. थे पट्टी कावून होती?"

मी उठून दोन विटा आणल्या. त्यांच्यावर एक फळी टाकली, पुढे हातभर लोंबती ठेवून. त्याला म्हटलं, मागच्या टोकावर तळहात ठेवा. त्याने ठेवला. मी एक दगड फळीच्या मधे ठेवला आणि विचारलं, हाताला काही लागतं का. नाही म्हणाला. मग तो दगड पुढच्या विटेच्या पलीकडे, लोंबत्या टोकाला सरकवला. फळीचं मागचं टोक त्याच्या तळहाताखाली वर आलं. त्याने ते दाबलं. मी सांगितलं, तुमचा हात म्हणजे ती पट्टी. माल मागे असला की हात रिकामा, माल पुढे गेला की हातावर सगळं. त्याने हात उचलून पाहिला. दगड खाली पडला. त्याने तो स्वतः पुन्हा ठेवला, पुन्हा दाबलं, पुन्हा हात उचलला. बायको बघत होती. एक चिलीम ओढायलाही या सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

त्याने हात परत फळीवर ठेवला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्याला खरोखरच काही तरी मोठं, अवघड ऐकायला मिळेल असं वाटलं होतं, इतकी वर्षं वाटत होतं.

"इतकंच होतं का जी?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, हो, इतकंच.

त्याने फळी बाजूला सारली. बायकोने दांडं पुन्हा पायाखाली घेतलं.